२५ मायक्रॉनचं मल्चिंग खरंच २५ चं आहे का? मायक्रॉन, मिलिमीटर, नॅनोमीटरचा हिशोब

टरबूजवाला_दारव्हा

राजेहो नमस्कार. दोन गोष्टी एकाच धाग्यात इचारतो, कारण मले दोन्हीचं मूळ एकच वाटून राह्यलं.

पहिली गोष्ट. यंदा टरबूज लावून राह्यलो, बेड पाडून झाले, ड्रिप अंथरून झाली, आता बेडवर अंथराचा मल्चिंगचा कागद, म्हणजे पातळ प्लास्टिक, आणला. बंडलावर लिहेल आहे २५ मायक्रॉन, १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब. मागच्या हंगामातला एक तुकडा कोठ्यात पडेल होता, तोही २५ चाच, पण दोन्ही हातात धरून पाह्यले तं नवा साफ पातळ लागते, बोटानं ताणला की लगेच लांबते. दुकानदाराले फोन केला तं तो म्हणे काळजी नका करू भाऊ, हा १०० गेजचा माल आहे. आता २५ मायक्रॉन म्हणजे किती मिलिमीटर, १०० गेज म्हणजे काय अन् घरी हे तपासाव कसं? शाळेतली पट्टी तं एका मिलिमीटरच्या खाली काही दाखवतच नाही.

दुसरी गोष्ट. पुतणी नववीत आहे. तिले गणित आलं की लाल रक्तपेशीचा व्यास ७ मायक्रोमीटर आहे, तर तो मीटरमध्ये अन् नॅनोमीटरमध्ये लिहा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरनं ७ च्या पुढं इंग्रजी ई अन् उणे ६ असं काहीतरी दाखवलं अन् पोरीनं उत्तर ७ मीटर लिहून टाकलं. हुशार आहे पोट्टी, पण हे कोणी तिले धड सांगतलंच नाही. कायम डोक्यात बसन असं कसं सांगाव?

झेडपी_मास्तर_अर्जुनीमोरगाव

भाऊ, मी पुतणीचं घेतो, मल्चिंगचं जाणकार सांगतीलच.

तिला एवढंच सांगा की मीटरच्या खाली हजार-हजारच्या पायऱ्या आहेत. १ मीटरचे १००० मिलिमीटर, १ मिलिमीटरचे १००० मायक्रोमीटर, १ मायक्रोमीटरचे १००० नॅनोमीटर, १ नॅनोमीटरचे १००० पिकोमीटर. मायक्रॉन आणि मायक्रोमीटर एकच, मायक्रॉन हे जुनं नाव, १८७९ पासून अधिकृत होतं, १९६७ साली काढून टाकलं पण बाजारातून काही गेलं नाही, त्यामुळे पुस्तकात मायक्रोमीटर आणि बंडलावर मायक्रॉन दिसतं. सेंटिमीटर आणि डेसिमीटर या हजाराच्या ओळीत बसत नाहीत, ते मीटर आणि मिलिमीटरच्या मधात येतात आणि पोरांचा निम्मा घोळ तिथंच होतो, म्हणून बारीक मापाच्या गणितात सेंटिमीटर आला की आधी त्याला १० नं गुणून मिलिमीटर करून घ्यायचं आणि मगच खाली उतरायचं.

कॅल्क्युलेटरवरचं ते ई उणे ६ म्हणजे दशांश चिन्ह सहा घरं डावीकडे सरकवा. ७ चं झालं ०.०००००७ मीटर. मिलिमीटरमध्ये ०.००७. नॅनोमीटरमध्ये ७०००.

आता मला वर्गात दरवर्षी दिसणारी एक गोष्ट सांगतो, पुस्तकात ती कोणी सांगत नाही. आपण मोजतो हजार, लाख, कोटी. पहिला स्वल्पविराम तीन शून्यांनंतर आणि पुढचे दोन-दोन शून्यांनंतर. मेट्रिकच्या पायऱ्या मात्र सगळ्या तीन-तीन शून्यांच्या. १ मीटरमध्ये १०,००,००० मायक्रोमीटर म्हणजे दहा लाख, आणि १,००,००,००,००० नॅनोमीटर म्हणजे शंभर कोटी. पोरगं स्वल्पविराम मोजत पायऱ्या उतरायला जातं आणि एक-दोन शून्य इकडेतिकडे होतात. म्हणून मी वर्गात या गणितापुरते स्वल्पविराम बंदच करतो. नुसती शून्यं लिहा, तीन-तीनच्या गटात थोडी जागा सोडा, गट मोजा. मिली एक गट, मायक्रो दोन, नॅनो तीन, पिको चार.

आणि गणिताला हात लावायच्या आधी एक प्रश्न: एकक लहान होतंय की मोठं? एकक लहान झालं की आकडा फुगलाच पाहिजे. ७ मायक्रोमीटरचं मीटर करताना आकडा ७ च्या कितीतरी खाली जायलाच हवा. हा प्रश्न आधी विचारायची सवय लागली की ७ मीटरची रक्तपेशी कुठलंच पोर लिहिणार नाही.

टरबूजवाला_दारव्हा

सर लय बेस. गटाची गोष्ट तिले वाचून दाखवली, तिनं लगेच वहीवर मीटरपासून पिकोपर्यंत उभी ओळ आखली. ती इचारते की अँगस्ट्रॉम कुठं बसते मंग?

झेडपी_मास्तर_अर्जुनीमोरगाव

शाबास, चांगला प्रश्न आहे तिचा. अँगस्ट्रॉम पायरीवर बसत नाही, सेंटिमीटरसारखाच मधात आहे. १ नॅनोमीटरचे १० अँगस्ट्रॉम, म्हणजे १ अँगस्ट्रॉम हा १०० पिकोमीटर. स्वीडनच्या एका शास्त्रज्ञाचं आडनाव आहे ते, प्रकाशाच्या तरंगलांबीवर काम होतं त्यांचं. अणूचा आकार एक-दोन अँगस्ट्रॉमच्या घरात येतो म्हणून रसायनवाल्यांना ते सोडवत नाही.

फिटर_बुटीबोरी

मल्चिंगचं मी सांगतो. आमच्या शॉपमध्ये जुने लोक अजून सूत अन् थाऊमध्ये बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इंच बरोबर २५.४ मिमीचा, मग थाऊ झाला ०.०२५४ मिमी म्हणजे २५.४ मायक्रॉन. प्लास्टिकवाल्यांचं १०० गेज म्हणजेच हा एक थाऊ. बाजारात सरळ २५ धरतात. तवा गेजला ४ नं भागा, मायक्रॉन आले. २०० गेज ५० मायक्रॉन, ८०० गेज २०० मायक्रॉन. तुमचा दुकानदार बोलला ते अन् बंडलावर छापलं ते एकच आहे भाऊ, आतला माल तेवढा आहे का हे मात्र त्यावरून कळत नाही, ते मोजूनच पाहावं लागंल.

आता मोजायचं कसं. २५ मायक्रॉन म्हणजे ०.०२५ मिमी. आयटीआयमध्ये जो स्क्रू गेज असतो, मायक्रोमीटर म्हणतात तोच, त्याच्या स्क्रूची चाल अर्ध्या मिमीची अन् ड्रमवर ५० रेघा, म्हणून एक रेघ ०.०१ मिमी म्हणजे १० मायक्रॉनची. कागदाचा एकच थर धरला तं काटा दोन अन् तीन रेघांच्या मधात कुठंतरी राहील, त्याच्यावरून २१ की २५ हे छातीठोक सांगता येत नाही. म्हणून कागद चार वेळा दुमडा. १६ थर होतात. हातानं दाबून हवा काढा, घडीची कड सोडून मधात मोजा, रॅचेटनं, म्हणजे मागच्या टोकाच्या फिरकीनं, तीनदा टक टक होऊ द्या अन् थांबा, पिळू नका, प्लास्टिक दबते. जे येईल त्याला १६ नं भागा. बरोबर २५ चा माल असला तं ०.४० मिमी आलं पाहिजे. चार-पाच जागी मोजा, एका जागेवर भरवसा नाही.

टरबूजवाला_दारव्हा

भाऊ आयटीआय दारव्ह्यात आहे, ओळखीचा पोरगाही आहे तिथं, पण आता सुट्ट्या आहेत. घरी बसून काही होईन का? घरी फक्त कापूस मोजाचा काटा आहे.

फिल्म_प्लांट_अमरावती

टरबूजवाले भाऊ, काटा आहे ना, मग झालं तुमचं काम. मी कित्येक वर्षं फिल्म काढायच्या मशीनवर काम केलं आणि आम्ही सुद्धा जाडी आधी वजनावरूनच धरायचो, बाकीची उपकरणं नंतर.

हे नीट बघा. १ चौरस मीटर जागेवर १ मायक्रॉन जाडीचा थर पसरला तर त्याचं आकारमान बरोबर १ घन सेंटिमीटर होतं. कारण १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर आणि १ मायक्रॉन म्हणजे सेंटिमीटरचा दहा हजारावा भाग, दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणजे कागद जितके मायक्रॉन तितके घन सेंटिमीटर प्लास्टिक दर चौरस मीटरला. आता मल्चिंगच्या प्लास्टिकची घनता साधारण ०.९२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. २५ मायक्रॉनचा १ चौरस मीटर कागद २३ ग्रॅमचा असतो.

तुमचं बंडल १.२ गुणिले ४००, म्हणजे ४८० चौरस मीटर. ४८० गुणिले २३, ११,०४० ग्रॅम. तर आतली पुठ्ठ्याची नळी सोडून ११ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. उलट करून बघायचं तर या मापाच्या बंडलात १ मायक्रॉन म्हणजे ४४२ ग्रॅम. आलेल्या वजनाचे ग्रॅम करा, ४४२ नं भागा, मायक्रॉन हातात. काळ्या रंगाच्या मसाल्यामुळे घनता किंचित वाढते, म्हणजे खरी जाडी या हिशोबापेक्षा कणभर कमीच असेल, जास्त नसेल.

एवढं बारीक माप आणि ते कापसाच्या काट्यावर तपासता येतं याचं मला आजही फार कौतुक वाटतं. जमेल त्या प्रत्येक शेतकऱ्यानं बंडल घेताना दुकानातच वजन करून घ्यावं, सांगायला लाजू नये, तुमचा हक्क आहे तो.

संत्रा_वरूड

बाप्पा, हे तं पावसाचंच गणित झालं! १ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी. मिमीच्या जागी मायक्रॉन घातला, हजार पट कमी झालं, लिटरच्या जागी मिलिलिटर आलं. एकच गोष्ट.

फिल्म_प्लांट_अमरावती

अगदी तेच. एका एकरात ४०४७ चौरस मीटर, म्हणून ६५ मिमीचा पाऊस एकराला २ लाख ६३ हजार लिटर पाणी टाकून जातो. आणि ६५ मिमी हा तर अतिवृष्टीच्या पंचनाम्याचा आकडा, तो आपल्या भागात प्रत्येकाला पाठ आहे. पाऊस समजतो त्याला मायक्रॉन समजलाच.

संत्रा_वरूड

एक इचारतो, धागा सोडून नाही. संत्र्याच्या ड्रिपले पाणी गाळाचा डिस्क फिल्टर आहे, त्याच्यावर १२० मेश लिहेल आहे. दुसऱ्याच्या फिल्टरवर १३० मायक्रॉन लिहेल. भाऊ म्हणते दुसऱ्याचा जाड, आपला बारीक. खरं काय?

फिटर_बुटीबोरी

दोन्ही एकच समजा. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं. १२० मेशचं भोक १२५ ते १३० मायक्रॉनच्या दरम्यान येते. पण इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: मेशचा आकडा वाढला की भोक लहान होते अन् मायक्रॉनचा वाढला की भोक मोठं होते. ८० मेश म्हणजे १८० मायक्रॉनच्या आसपास, २०० मेश ७५ च्या आसपास. सरळ भागाकार करून मेशचं मायक्रॉन निघत नाही, कारण इंचात भोकांसोबत तारेची जाडीही बसली आहे. १२० मेशचं घ्या, २५,४०० मायक्रॉन भागिले १२० म्हणजे जवळपास २१२, पण त्यातले ८० च्या वर तारच खाते.

लॅबवाली_ताई_धानोरा

रक्तपेशीचं गणित वाचलं म्हणून लिहिते. मी ग्रामीण रुग्णालयात लॅबमध्ये आहे आणि हा ७ मायक्रोमीटरचा आकडा आमच्या गडचिरोलीत फक्त परीक्षेचा नाही, म्हणून पुतणीला हे जरूर सांगा.

लाल पेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद आणि साधारण २ मायक्रोमीटर जाड, मधात दबलेली. शरीरातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या काही ठिकाणी ५ मायक्रोमीटरच्याच असतात. म्हणजे पेशी वाहिनीपेक्षा रुंद! तरी ती जाते, कारण चांगली पेशी मऊ असते, दुमडते आणि निघून जाते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात प्राणवायू कमी झाला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून लांब दोऱ्या बनवतं. त्यातली एक दोरी साधारण २१ नॅनोमीटर जाडीची. आता मास्तरांच्या ओळीवर बसवा: ७ मायक्रोमीटर म्हणजे ७००० नॅनोमीटर, त्याला २१ नं भागा, पेशीच्या रुंदीच्या ३३३ व्या भागाएवढी ती दोरी. इतक्या बारीक दोऱ्या गोळा होऊन अख्ख्या पेशीला कडक करतात, वाकडी करतात, मग ती ५ मायक्रोमीटरच्या वाहिनीत अडकते आणि लेकरू हातपाय धरून रडतं. मी ती वाकडी पेशी १०० च्या लेन्सखाली बघते तेव्हा पेशी दिसते, दोरी दिसत नाही, कारण साध्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं करून दाखवताच येत नाही, प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर आहे.

विदर्भात, विशेष करून आमच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, हा आजार खूप घरांत आहे. लग्नाआधी दोघांची तपासणी करून घ्या एवढंच मी सगळ्यांना हात जोडून सांगत असते. २०२३ च्या जुलैपासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते.

टरबूजवाला_दारव्हा

ताई, पुतणीले तुमचं लिहेल मोठ्यानं वाचून दाखवलं, तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीले हाच त्रास आहे, ती काही वेळ बोललीच नाही. मंग तिनं स्वतः ७००० भागिले २१ करून पाह्यलं. धन्यवाद ताई.

कपाशीवाला_राळेगाव

माझंही इचारून घेतो. मागं कापसाचा नमुना तपासला होता, रिपोर्टवर लांबी २९ मिमी अन् माइक ४.१ असं आलं. गावात सगळे म्हणते की माइक म्हणजे मायक्रॉन, धागा ४.१ मायक्रॉन जाड. बरोबर आहे का?

जिनवाला_हिंगणघाट

नाही भाऊ, अन् ही चूक लय पसरेल आहे म्हणून नीट सांगतो. माइक म्हणजे मायक्रोनेअर. ते लांबीचं मापच नाही. ठरावीक वजनाचा कापूस डबीत दाबते, त्यातून हवा सोडते अन् किती अडली ते पाह्यते. बारीक तंतू असले की हवा जास्त अडते, आकडा कमी येते. ४.१ चा अर्थ असा की १ इंच लांबीच्या एका तंतूचं वजन साधारण ४.१ मायक्रोग्रॅम. इथं मायक्रो हे ग्रॅमचं आहे, मीटरचं नाही. ३.५ ते ४.९ मधला कापूस मिलले चालते, त्याच्या खाली गेला तं बोंड कच्चं राह्यलं असाव किंवा जात बारीक असावी, वर गेला तं तंतू जाड.

खरी जाडी पाह्यची तं कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रॉनच्या दरम्यान असते. तुमच्या कापसाचा १५ धरला अन् लांबी २९ मिमी म्हणजे २९,००० मायक्रॉन, तं तंतू जाडीच्या १९०० पट लांब आहे. म्हणूनच सूत निघते. पण भागाकाराच्या आधी दोन्ही मापं एकाच एककात आणावं लागते. २९ ले १५ नं भागून दोनच्या खाली आकडा आला तं समजाव की मिमी अन् मायक्रॉन एकात मिसळले.

कपाशीवाला_राळेगाव

समजलं भाऊ. मंग मायक्रॉनचा खरा उपयोग मले फवारणीत दिसते, त्याच्यावर लिहू का? २०१७ मधी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेले हे सगळ्यायले माहीत आहे. त्यानंतर एका प्रशिक्षणात थेंबाच्या आकाराबद्दल ऐकलं अन् तवापासून मी पोरायले हेच सांगतो.

थेंब १०० मायक्रॉनचा, म्हणजे ०.१ मिमीचा असला तं तो हवेत सेकंदाले साधारण २५ सेंटिमीटरनं खाली येते. एक मीटर उंचीवरून चार सेकंदात पानावर. तोच थेंब १० मायक्रॉनचा झाला, आकार दहा पट कमी, तं खाली यायचा वेग शंभर पट कमी होते, सेकंदाले ३ मिमीच्या आसपास. एक मीटर उतराले पाच मिनिटाच्या वर. एवढ्या वेळात वाऱ्यानं तो कुठं जाईन सांगता येत नाही, अन् पऱ्हाटी डोक्यावर गेली असली तं सरळ नाकात. पंपाचा दाब वाढवला की थेंब बारीक होते, फवारा धुक्यासारखा दिसते अन् माणसाले वाटते काम चांगलं होऊन राह्यलं. अन् ४०० मायक्रॉनच्या एका थेंबातून १०० मायक्रॉनचे ६४ थेंब होते, चार नाही, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून चार-चार.

तोंडाले रुमाल बांधून काही होत नाही. रुमालाच्या विणीतली भोकं १० मायक्रॉनच्या थेंबापेक्षा कितीतरी मोठी असते. मास्क घ्या, हातमोजे घ्या, वाऱ्याच्या उलट चालू नका, अन् पऱ्हाटी उंच झाली की मजुराले पॉवर पंप देऊन आत पाठवू नका. मायबाप हो, हे ऐका.

लॅबवाली_ताई_धानोरा

दादांनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्याला जोडून एवढंच की १० मायक्रोमीटरच्या खालचे कण छातीत उतरतात आणि २.५ च्या खालचे फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. हवेच्या बातम्यांत पीएम १० आणि पीएम २.५ म्हणतात ते हेच मायक्रोमीटर. चंद्रपूरच्या लोकांना हे आकडे रोज ऐकावे लागतात.

टरबूजवाला_दारव्हा

राजेहो, काट्यावर मोजलं. पूर्ण बंडल १०.२ किलो. मागच्या हंगामातली रिकामी नळी कोठ्यात होती, तशीच, ती ७०० ग्रॅम. राह्यलं ९.५ किलो. ९५०० भागिले ४४२ केलं तं २१.५ मायक्रॉन आलं! हिशोब पुतणीनं केला, मी फक्त वजन सांगतलं.

झेडपी_मास्तर_अर्जुनीमोरगाव

भाऊ, दुकानात जायच्या आधी एक शंका फेडून घ्या. वजन कमी भरण्याची दोन कारणं असू शकतात. जाडी कमी, किंवा लांबी कमी. २५ मायक्रॉनचा १.२ मीटर रुंद कागद दर मीटरला २७.६ ग्रॅम असतो, ९५०० ला त्यानं भागलं तर ३४४ मीटर. म्हणजे कागद बरोबर २५ चा आणि ४०० ऐवजी ३४४ मीटरच असेल तरी काट्यावर हेच ९.५ किलो दिसणार. दुकानदार तेच म्हणेल तेव्हा तुमच्याकडे उत्तर पाहिजे.

फिटर_बुटीबोरी

सर बरोबर बोलले. काट्याला एकच आकडा कळते. जाडी वेगळी मोजावीच लागंल. आयटीआय बंद असली तं तालुक्याच्या कोणत्याही लेथवाल्याकडे स्क्रू गेज असते, तुकडा घेऊन जा, दोन मिनिटाचं काम आहे.

टरबूजवाला_दारव्हा

लेथवाल्याकडे गेलो होतो. १६ थर करून पाच जागी मोजलं, ०.३४ ते ०.३६ च्या मधात येत होतं, बहुतेक जागी ०.३५. ०.३५ म्हणजे ३५० मायक्रॉन, भागिले १६, जवळपास २२. वजनावरून २१.५ अन् स्क्रू गेजवरून २२. म्हणजे लांबी बरोबर आहे, कागदच पातळ आहे. जुना तुकडा पण नेला होता, त्याचे १६ थर बरोबर ०.४० भरले.

दुकानदाराले दोन्ही हिशोब कागदावर लिहून दाखवले. आधी तो म्हणे थोडाफार फरक रायतेच. मी म्हटलं थोडाफार मलाही मान्य आहे, पण बंडलात दीड किलो प्लास्टिक कमी आहे, त्याचे पैसे घेतले ना तुम्ही. त्यानं दुसरी खेप उघडली, तिथंच वजन केलं, नळी सोडून ११.१ किलो भरलं, ते बंडल बदलून देलं. भांडण नाही झालं, काही नाही. त्याच्या मागं उभे असलेले दोन जण आपले बंडल घेऊन काट्याकडे आले.

संत्रा_वरूड

शाबास गड्या!

शेततळं_मेहकर

पूर्ण धागा वाचला, आता माझं सांगा. शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा कागद टाकायचा आहे. अख्खा कागद काट्यावर चढत नाही, कारखान्यातून घडी करून येतो, मोठा असतो. फक्त हातभर नमुना दिला आहे. त्याच्यावरून कळेल का?

फिल्म_प्लांट_अमरावती

कळेल, आणि मल्चिंगपेक्षा सोपं. नमुन्यातून १० सेंटिमीटर गुणिले १० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि सोनाराकडे न्या.

हिशोब असा. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिमी, जुन्या भाषेत २००० गेज. १ चौरस मीटरला ५०० घन सेंटिमीटर. तुमचा चौकोन चौरस मीटरचा शंभरावा भाग. इथं बरेच लोक दहावा भाग धरतात कारण १० सेंटिमीटर मीटरचा दहावा भाग आहे, पण लांबीला दहा आणि रुंदीला दहा, मिळून शंभर. तर ५ घन सेंटिमीटर प्लास्टिक. शेततळ्याचा कागद एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचा असतो, घनता ०.९५ च्या आसपास, म्हणून वजन ४.७५ ग्रॅम आलं पाहिजे. सोनाराचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो आणि या चौकोनात १ मायक्रॉन म्हणजे जवळपास ०.०१ ग्रॅमच. म्हणजे काटा एक-एक मायक्रॉन दाखवतोय असं समजा.

एक अट आहे. कागद आतून विणलेला, वर थर दिलेला असेल तर त्याची घनता सारखी नसते, मग हा हिशोब लावू नका, त्याचं चौरस मीटरचं वजन पावतीवर लिहून घ्या आणि त्याच्याशीच ताडून बघा.

शेततळं_मेहकर

साधाच आहे, विणलेला नाही. सोनार ओळखीचे आहेत, उद्याच नेतो.

फिटर_बुटीबोरी

भाऊ, नेण्याच्या आधी कापणी सांभाळा. काटा कितीही बारीक असला तरी चौकोनाची बाजू १०० मिमीच्या ऐवजी १०१ झाली, दोन्हीकडून, तं क्षेत्र २ टक्के वाढते अन् तुमचा हिशोब १० मायक्रॉननं चुकते. कात्रीनं कापू नका, कागद सरकते. काचेवर ठेवा, स्टीलच्या गुण्याला धरून ब्लेडनं कापा, मग चारही बाजू व्हर्नियरनं मोजा. बाजू ९९.५ आली तं ९९.५ च धरा, १०० नका धरू. असे तीन चौकोन वेगवेगळ्या जागचे कापा अन् तिन्हीचं वजन वेगवेगळं लिहा.